कुरतडलेली पाने

चैत्र लागला आणि ऊन अंगणात ठाण मांडून बसू लागले, म्हणजे अनेक घरांच्या कुंपणाच्या भिंतीवर मातीचे एक पसरट परळ दिसू लागते. चिमण्यांना पाणी मिळावे, एवढाच त्यामागचा हेतू. शेजारी मूठभर तांदळाची कणीही पसरलेली असते. परंतु त्याच घरातील तीच माणसे परसातल्या लिंबाची कोवळी पाने कडेने कुरतडलेली पाहतात, तेव्हा बेचैन होतात. बाजारातून औषध येते, झाडावर फवारले जाते आणि दोन दिवसांत पाने पुन्हा निर्मळ दिसू लागतात. पाखरांना पाणी देण्यात आणि पानांवर औषध फवारण्यात काही विसंगती आहे, असे कोणाच्या मनातही येत नाही.

विसंगती आहे, आणि ती चिमणीच्या घरट्यात डोकावले की ध्यानात येते. मोठी चिमणी दाण्यांवर निर्वाह करते. पण अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले पिलू दाण्यावर वाढत नाही. त्याला मऊ आणि सकस अन्न लागते. म्हणून त्याच्या चोचीत अळ्या, मावा, कोळी यांचा घास पडतो. फुलांतील मध चाखणारा शिंजीर किंवा फळांवर ताव मारणारा बुलबुल यांचीही गोष्ट याहून फार वेगळी नाही. पिलांसाठी त्यांनाही किडे वेचावे लागतात. दिल्लीने 2012 साली चिमणीला आपल्या राज्यपक्ष्याचा मान दिला, तो तिची संख्या घटत चालल्याच्या काळजीने. त्या घटीची कारणे अनेक सांगितली जातात. पण ज्या अंगणात एकही अळी नाही, त्या अंगणात कणीचा ढीग घातला तरी चिमणीचे पिलू वाढणार नाही, एवढे निश्चित.

आता ही अळी येते कोठून? ती वाटेल त्या झाडावर येत नाही, हाच या विषयातील कळीचा मुद्दा होय. वनस्पतींना पळून जाता येत नाही; म्हणून त्या आपल्या पानांत नाना प्रकारची कडवट, उग्र, विषारी द्रव्ये साठवून स्वतःचे रक्षण करतात. हजारो वर्षांच्या सहवासाने एखाद्या कीटकाला एखाद्या कुळाचे विष पचवता येऊ लागते. मात्र मग तो त्या कुळालाच बांधला जातो. लिंबू, कढीलिंब, बेल ही एका कुळातली झाडे. त्यांच्या पानांचा वास हीच कॉमन मॉर्मन नावाच्या काळ्या फुलपाखराला मिळालेली खूण. मादी पानावर पायांनी टकटक करून ती पारखते आणि मग एकेक अंडे ठेवते. बाहेर पडलेली चिमुकली अळी थेट पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, त्यामुळे तिच्याकडे कोणी फिरकत नाही. मोठी झाली की ती हिरवी होते, आणि डिवचली तर डोक्यामागून तांबडा, दुभंगलेला, उग्र वासाचा अवयव बाहेर काढते. महाराष्ट्र शासनाने 2015 साली ज्या ब्लू मॉर्मनला, म्हणजे राणी पाखराला, राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले, ते याच कुळावर वाढणारे. इंदूर, बडोदे किंवा तंजावर येथील मराठी घराच्या परसातही कढीलिंब असतोच. आणि जेथे कढीलिंब आहे, तेथे कॉमन मॉर्मनला निमंत्रण धाडावे लागत नाही.

रुईची हकीकत याहून नवलाची आहे. मारुतीला वाहण्यापुरती जिची आठवण होते, अशी ही चिकाची वनस्पती भर उन्हात, मुरमाड जमिनीत, कोणी पाणी न घालता हिरवी राहते. तिच्या विषारी पानांवर प्लेन टायगर या नारिंगी फुलपाखराची पट्टेरी अळी पोसली जाते आणि ते विष स्वतःच्या शरीरात साठवून ठेवते. ते पुढे फुलपाखरातही उतरते. एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेस जात नाही. या दराऱ्याचा लाभ दुसऱ्याच एका फुलपाखराची मादी उठवते. डॅनेड एगफ्लाय हे तिचे नाव. तिच्यात विष नाही, पण पंखांचा रंग हुबेहूब प्लेन टायगरसारखा. तिची अळी घोळीवर वाढते. अंगण खुरपताना तण म्हणून जी उपटून टाकली जाते, ती भाजीची घोळ! कोपऱ्यातली एक रुई आणि कुंडीच्या बुडाशी उगवलेली घोळ एवढ्या भांडवलावर हे नाटक चालते.

यावरून परदेशी झाड तेवढे शत्रू, असा अर्थ काढणे मात्र घाईचे ठरेल. दारच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोकडचा, देवळापुढचा देवचाफा अमेरिका खंडातला आणि गुलमोहर मादागास्करचा. मिरची व बटाटा यांचीही मायभूमी इकडची नव्हे. गुलमोहराची मे महिन्यातली सावली नाकारण्यात काय शहाणपण? पानफुटी तर गुलमोहराच्याच गावची; पण तिची भावंडे या देशात पूर्वीपासून असल्यामुळे रेड पियरो या देखण्या फुलपाखराने तिला आपलेसे केले आहे. त्याची अळी पानफुटीच्या मांसल पानाच्या आत शिरून, दोन पदरांमधला गर खात राहते. सीताफळही अमेरिकेतून आलेले. त्याची पाने टेल्ड जेच्या अळीला चालतात. अर्थात कीटक वनस्पतीचा मुलूख पाहत नाही, तिचे कूळ पाहतो. ज्याला येथे नातलग नाहीत, त्या झाडाच्या पानावर जेवायला सहसा कोणी येत नाही, इतकेच. घाणेरीचे उदाहरण बोलके आहे. शोभेसाठी आणलेल्या या अमेरिकन झुडपाच्या फुलांवर फुलपाखरे भिरभिरतात, बुलबुल तिची फळे खाऊन बिया दूरवर पेरतात आणि पाहणाऱ्यास वाटते, केवढी ही वर्दळ! परंतु तिच्या पानांवर फुलपाखरांची पुढची पिढी वाढत नाही. शिवाय ती रानोमाळ पसरून मूळच्या झुडपांचीच जागा बळकावते. पाहुण्यांना सरबत द्यावे आणि लेकरांना उपाशी ठेवावे, तसा हा प्रकार आहे.

उष्ण प्रदेशातील बागेचा विचार करताना आणखी एक गोष्ट विसरली जाते. थंड देशांत वसंत हिरवळ घेऊन येतो. दख्खनच्या पठारावर तो निष्पर्ण फांद्यांवर येतो. पानांतून पाणी उडून जाते, म्हणून पळस, पांगारा, काटेसावर ही झाडे कोरड्या दिवसांत पानांचा संसार आवरतात आणि उघड्या फांद्यांवर लाल, केशरी फुले मांडतात. ओढे आटलेले असताना या फुलांतला पातळ मध म्हणजे पाखरांची पाणपोईच. मध्य आशियाकडून हिवाळ्यासाठी येणाऱ्या गुलाबी मैनेला मराठी माणसाने पळसमैना हे नाव दिले, ते तिला पळसावर पाहूनच. अर्थात पळस किंवा सावर चार हातांच्या अंगणात लावायचे नव्हेत. उंबरही घराच्या पायापासून दूरच बरा. लहान जागेसाठी तरवड, धायटी, अडुळसा, कोरांटी, करवंद आहेत. धायटीच्या नळीसारख्या लाल फुलांवर उन्हाळ्याच्या तोंडाशी शिंजीर हटकून येतो. तरवड तर माळावरचा. त्याचे कोडकौतुक करण्याची गरजच नाही. जागा थोडी मोठी असेल तर बाहवा लावावा. त्याच्या पिवळ्या घोसांची कीर्ती सर्वत्र आहे. त्याच्या पानांवर कॉमन एमिग्रंट ही फिकट पिवळी फुलपाखरे वाढतात, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

उलट कातरलेली हिरवळ ही पावसाळी, शीत हवामानाच्या इंग्लंडमधली हौस. आपल्याकडे तिला मे महिन्यात रोज पाणी पाजावे लागते आणि त्या बदल्यात ती कोणालाच काही देत नाही. तिचा एक कोपरा न कापता वाढू दिला, तर गवताला बी धरते आणि मुनियांचे थवे उतरतात. पालापाचोळा जाळण्याची घाईही अशीच अनाठायी. झाडाच्या बुडाशी पसरलेला पाचोळा जमिनीचा ओलावा धरून ठेवतो, आणि त्याखालचे किडे वेचायला सातभाईंची कलकलती टोळी येते. सापाची भीती वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून पाचोळा, लाकडे, दगड यांचा ढीग भिंतीला आणि दाराला लागून नसावा. शेवग्याची किंवा पांगाऱ्याची वाळकी फांदी कोणाच्या डोक्यावर पडण्याजोगी नसेल, तर राहू द्यावी. तांबट अशाच मऊ, मृत लाकडाच्या खालच्या अंगाला भोक पाडून आपले घर करतो.

चैत्रातल्या त्या परळालाही थोडी दक्षता हवी. पाणी दोन-तीन बोटांहून खोल नसावे. मध्ये एखादा खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे मधमाशा बुडत नाहीत. भांडे रोज रिकामे करून घासावे. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि ती कडांना चिकटलेली राहतात. मांजर दबा धरून बसेल अशा दाट झुडपालगत परळ नसावे, पण उडून बसायला जवळ फांदी असावी.

देशी रोपांना पाणी लागतच नाही, हाही एक गैरसमज आहे. मृगाच्या सरींबरोबर लावलेले रोप पावसाळ्यात मूळ धरते. परंतु पहिला उन्हाळा त्याला जड जातो. त्यासाठी रोपाजवळ मातीचे, झिलई नसलेले मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे आणि वर झाकण ठेवावे. पाणी मडक्यातून झिरपत मुळांशी जाते, उन्हाने उडून जात नाही. पुढे मडक्याची गरज उरत नाही.

राहिला प्रश्न लिंबाचा. मोठे झाड शे-दीडशे पाने सहज सोसते. अळ्या आपला वाटा खातात, पक्षी अळ्यांतला वाटा उचलतात आणि डहाळीला पुन्हा पालवी येते. कुंडीतले हातभर रोप मात्र चार अळ्या मिळून बोडके करू शकतात. अशा वेळी त्यांतल्या दोन-तीन उचलून मोठ्या कढीलिंबावर किंवा दुसऱ्या लिंबावर सोडाव्यात. आंब्यावर किंवा जास्वंदीवर सोडल्या तर त्या उपाशी मरतात. सुमारे दोन आठवड्यांत त्यांचे खाणे आटोपते. मग डहाळीला, कधी शेजारच्या भिंतीलाही, कमरेभोवती एक रेशमी धागा बांधून कोश टांगलेला दिसतो, हिरव्या जागी हिरवा आणि वाळक्या काडीवर तपकिरी. तो बहुधा सकाळी फुटतो. बाहेर आलेल्या फुलपाखराचे पंख ओले आणि चुरगळलेले असतात. ते ताठ होऊन वाळायला तासभर तरी जातो. तेवढा वेळ अंगण झाडणे लांबवले तरी चालते.