नाव एकच, स्पेलिंग तीन

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. कोळगावचं जिल्हा मुख्यालय असो की गावातलं सेतू केंद्र, आपण कोण हे आता आधी संगणक ठरवतो.

आपल्या घरांत अडचण येते ती नावाची. एका कागदावर ‘मोहम्मद’, दुसऱ्यावर ‘महंमद’, तिसऱ्यावर नुसतं ‘मो.’, ‘शेख’ कुठे आधी, कुठे शेवटी. मोहल्ल्याला त्यात एकच माणूस दिसतो. संगणक फक्त अक्षरं जुळवतो, त्याला तीन माणसं दिसतात. मग मुलीची शिष्यवृत्ती, पासपोर्ट, हजचा अर्ज अडकतो.

बोटांचंही तसंच. मासळी, मीठ, सिमेंटच्या कामात ठसे झिजतात. अशा वेळी डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवायची सोय असते, ती मागून घ्यावी.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबारच्या टेंभली गावात दिलं गेलं. या कार्डावरचं नाव साधारणपणे दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. म्हणून आम्ही सांगतो, आधी घरातले सगळे कागद एकत्र मांडा, एक स्पेलिंग ठरवा, मगच दुरुस्तीला जा. मुलांचे ठसे ५ व्या आणि १५ व्या वर्षी द्यायचे असतात, तेही विसरू नका.