वाया जाणाऱ्या धुरातला गारवा

ईस्ट टामाकी हा ऑकलंडचा कारखान्यांचा भाग. फिशर अँड पायकेलचे फ्रिज २०१६ पर्यंत इथे बनत. इथल्या एका वर्कशॉपमध्ये कॅम्परव्हॅनचे गॅसवरचे फ्रिज दुरुस्तीला येतात. त्यांत कॉम्प्रेसर नसतो. आगीवर गारवा तयार होतो.

मेकॅनिक आधी व्हॅन सपाट उभी करून लेव्हल लावतो, कारण यंत्र तिरकं असलं की आतला द्रव अडतो. मग ज्योत पेटवतो. बॉयलरची नळी तापते, पाण्यात विरघळलेला अमोनिया वाफ होऊन निघतो आणि बुडबुडेच पाण्याला वर ढकलतात, म्हणून पंप लागत नाही. ती वाफ कंडेन्सरमध्ये द्रव होते, हायड्रोजन भरलेल्या नळीत उतरते, तिथे पुन्हा वाफ होताना फ्रिजमधली उष्णता ओढून घेते आणि शेवटी पाण्यात शोषली जाते. एकही भाग हलत नाही. बॉयलरजवळ पिवळी भुकटी दिसली की मेकॅनिक ओळखतो, नळी गळते आहे: गंज रोखायला द्रवात घातलेलं क्रोमेट बाहेर येऊन सुकलेलं असतं.

ही ज्योत काढून तिथे एंजिनाचा धूर आणला तर? डिझेलमधल्या ऊर्जेचा जेमतेम एक तृतीयांश भाग कामी येतो. जवळपास तेवढाच धुरातून जातो आणि उरलेला बराचसा एंजिन थंड ठेवणाऱ्या जॅकेटच्या पाण्यातून. पुण्याची थरमॅक्स अशा उष्णतेवर चालणारे चिलर बनवते. त्यांत अमोनियाऐवजी पाणी आणि लिथियम ब्रोमाइड असतं. आत निर्वात असल्याने पाणी पाचेक अंशांवरही उकळतं. मात्र त्यातून बर्फ मिळत नाही, ५ ते ७ अंशांचं पाणी मिळतं.

मराठवाड्यातल्या, वीज नसलेल्या दूध संकलन केंद्राचा हिशेब मांडून पाहू. एका लिटर डिझेलमागे जनरेटर साधारण ३ युनिट वीज देतो. तीच वीज कॉम्प्रेसरला दिली तर ८ युनिट गारवा मिळतो. वाया जाणारी उष्णता पकडून मात्र अडीचच. म्हणून निव्वळ गारव्यासाठी एंजिन चालवणं परवडत नाही. पण पंप, दिवे, गिरणी यांच्यासाठी ११ लिटर डिझेल जळणारच असेल, तर त्याच धुरातून आणि गरम पाण्यातून हजार लिटर दूध ३५ अंशांवरून १० अंशांपर्यंत उतरू शकतं. पुढचे १० ते ४ अंश लहान कॉम्प्रेसरने सांभाळावेत.

खरी अडचण पाण्याची आहे. एक युनिट गारव्यामागे उष्णतेवरचा चिलर सुमारे अडीच युनिट उष्णता बाहेर टाकतं, कॉम्प्रेसर दीडच्या आत. कूलिंग टॉवरमध्ये त्या अडीच युनिटांसाठी साडेतीन लिटर पाणी उडून जातं, म्हणजे त्या हजार लिटर दुधामागे जवळपास शंभर लिटर. मे महिन्यात टँकरवर जगणाऱ्या गावाला हे शंभर लिटर जड असतात. शिवाय बोअरच्या जड पाण्याने नळ्यांवर चुना चढतो.

मला हे तंत्र मनापासून मोलाचं वाटतं, कारण पैसे मोजून विकत घेतलेली उष्णता आपण रोज हवेत सोडतो. पण यंत्राचं दरपत्रक मागवण्याआधी केंद्राने एंजिन रोज किती तास आणि किती भारावर चालतं ते नोंदवावं, धुराचं तापमान मोजावं आणि उन्हाळ्यात विहिरीत किती पाणी उरतं ते पाहावं. या नोंदी जुळल्या तरच खर्च वसूल होईल.