चित्रबंध : आकारात बांधलेला श्लोक

संस्कृत चित्रकाव्यातील बंध हा डोळ्यांसाठी रचलेला श्लोक. कानाला तो नेहमीच्या वृत्तातला चार चरणांचा श्लोक वाटतो; पण अक्षरे ठरलेल्या घरांत मांडली की कमळ, चक्र, तलवार, मृदंग किंवा नाग उभा राहतो. आकृतीत दोन रेषा जिथे छेदतात तिथले अक्षर दोनदा वाचले जाते. या सामाईक अक्षरांवरच बंधाचे सारे गणित चालते.

सर्वांत सोपा बंध गोमूत्रिका. दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या की एकाआड एक अक्षर दोन्हींत सारखे येते. त्यामुळे नागमोडी वाचले तरी श्लोक बदलत नाही. सर्वतोभद्र मात्र फार कठीण. 8 अक्षरांचे 4 चरण 64 घरांच्या पटावर वरून क्रमाने आणि त्यांखाली उलट क्रमाने मांडले जातात. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून, कसेही वाचा, तोच श्लोक मिळतो. त्यासाठी प्रत्येक चरण उलटसुलट सारखा हवा आणि आडवी ओळ उभ्या ओळीशी जुळायला हवी. मग कवीला मोकळेपणी भरता येतील अशी घरे उरतात फक्त 10. उरलेली 54 त्यांवरूनच ठरतात. एवढ्या अक्षरांत छंद आणि अर्थ दोन्ही सांभाळायचे. भारवीने ‘किरातार्जुनीया’च्या 15व्या सर्गात हे साधले आहे.

माघाने ‘शिशुपालवधा’च्या 19व्या सर्गात त्याच्याही पुढे मजल मारली. तिथला चक्रबंध शार्दूलविक्रीडित वृत्तात आहे. 19 अक्षरांचे पहिले तीन चरण चाकाचे तीन व्यास होतात, त्यांचे दहावे अक्षर तुंब्यात एकच असते आणि चौथा चरण धावेवरून फिरतो. एवढ्यावर कवी थांबत नाही. बाहेरून तिसऱ्या वलयातली सहा अक्षरे हे माघाचे काव्य असल्याचे सांगतात, तर सहाव्या वलयातली सहा काव्याचे नाव. ग्रंथाच्या नुसत्या पठणात ही मुद्रा कळत नाही; चाक काढले तरच दिसते.

हे दोन्ही सर्ग युद्धाचे आहेत, आणि यात योगायोग नाही. सैन्याचा व्यूह म्हणजेही माणसांची ठरलेल्या जागी केलेली मांडणी. व्यूहांमुळे दुर्गम झालेल्या सैन्याला माघ अशा बंधांनी दुर्गम झालेल्या महाकाव्याची उपमा देतो. आकार इथे विषयातूनच आला आहे.

9व्या शतकातील रुद्रटाच्या ‘काव्यालंकारा’त तुरगपद बंध आहे. अर्ध्या पटाच्या 32 घरांतला श्लोक सरळ वाचला काय किंवा बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीने प्रत्येक घर एकदाच घेत वाचला काय, एकच येतो. घोड्याच्या अशा फेरीचा हा ज्ञात असलेला सर्वांत जुना दाखला मानतात.

साहित्यशास्त्राने मात्र चित्राला खालची पायरी दिली. ध्वनी, म्हणजे सूचित अर्थ, हा काव्याचा आत्मा मानणाऱ्या आनंदवर्धनाला ते काव्याचे अनुकरण वाटले. मम्मटाने त्याला अवर काव्य ठरवले आणि खड्ग, मुरज, पद्म, सर्वतोभद्र यांची उदाहरणे देऊन पुढचे प्रकार केवळ शक्तिप्रदर्शन म्हणून सोडून दिले. पुष्कळ बंधांना हा निकाल लागू पडतो. अन्वय लावताना टीकाकारही घामाघूम होतात. माघाच्या व्यूहांना हा निकाल लावणे मात्र अन्यायाचे आहे.

बंधांचा उपयोग काव्यापुरता राहिला नाही. माळव्यात धार, उज्जैन आणि ऊन येथील परमारकालीन शिलालेखांत नागाच्या वेटोळ्यांतून झालेल्या चौकटींत वर्णमाला आणि व्याकरणाचे प्रत्यय कोरले आहेत. येथे चित्राने पाठ्यपुस्तकाचे काम केले.

मराठीत मोरोपंतांनी (1729–1794) रचलेल्या 108 रामायणांपैकी कित्येकांत अक्षरांचे कडक नियम पाळले आहेत. ‘निरोष्ठ रामायणा’त ओठांनी उच्चारायचे वर्ण येतच नाहीत. हा खेळ कानाचा. अक्षराच्या आकारातूनच अर्थ उभा करणाऱ्या दृश्यकविता पुढे 20व्या शतकात र. कृ. जोशी यांनी केल्या. ते स्वतः सुलेखनकार आणि देवनागरी टंकांचे रचनाकार होते. जुन्या बंधात अक्षर कुठे बसते याला महत्त्व असे. जोशींच्या कवितेत त्याची जाडी, वळण आणि भोवतालची कोरी जागाही अर्थाचा भाग होते.