परक्या आज्ञावल्यांची बेगमी

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारा गृहस्थ आज सारे काही स्वतः लिहीत नाही. तारखांचा हिशेब, चित्रे लहान करणे, संकेतशब्द पडताळणे ही कामे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेली असतात, आणि बहुधा फुकट मिळतात. ती आपल्या कामात जोडून घेण्यात कमीपणा नाही. प्रश्न निराळाच आहे: हे सामान रोज वाण्याकडून आणावयाचे, की वर्षाची बेगमी करून घरात ठेवावयाचे?

मार्च २०१६ मध्ये 'एनपीएम' या जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक कोठारातून एका लेखकाने, नावाच्या वादात रागावून, आपले सारे संच काढून घेतले. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नावाचा अवघ्या ११ ओळींचा संच होता. त्याचे काम काय, तर शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणे! पण 'बॅबेल'सारखी मोठी साधने त्यावर टेकली होती, आणि कित्येक ठिकाणची बांधणी एकाएकी थांबली. कोठाराने काही तासांतच तो संच परत ठेवला. ज्यांनी घरी प्रत ठेवली होती, त्यांना मात्र ही गडबड जाणवलीही नाही. (पुढे २०१७ च्या मानकात ही सोय भाषेतच आली.)

म्हणून बेगमीच बरी, असे कोणी म्हणेल. पण साठवलेल्या धान्याला कीडही लागते. डिसेंबर २०२१ मध्ये जावातील 'लॉग४जे' या नोंदी ठेवणाऱ्या संचातला असा दोष जगजाहीर झाला की, नोंदीत विशिष्ट मजकूर उतरवून परक्या माणसास त्या संगणकावर आपली आज्ञावली चालविता येई. दुरुस्ती लवकरच निघाली. परंतु हा संच आपल्या घरात आहे की नाही, हेच अनेकांना सांगता येईना. तो दुसऱ्या संचाच्या पोटात, तो तिसऱ्याच्या पोटात!

बरे, नेहमी ताजे घ्यावे, तर मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड'च्या ५.६.० व ५.६.१ या नव्या आवृत्त्यांतच चोरदार निघाले. लॉग-इनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेने आंद्रेस फ्रॉइंड यांनी ते हुडकले. डेबियनच्या जुन्या, स्थिर आवृत्तीवर असलेले लोक सुरक्षित राहिले.

तेव्हा आमच्या मते, प्रत घरी असावी आणि पोटातल्या पोटातल्या संचांसह सर्वांची यादी, नेमका आवृत्ती-क्रमांक व पडताळणीची खूण यांसह, लिहिलेली असावी. संरक्षणाची दुरुस्ती तपासून त्वरित घ्यावी. बाकीच्या नव्या आवृत्त्या थोड्या मुरू द्याव्यात. हे पाहणारा माणूस नावानिशी नेमलेला हवा. ११ ओळींसाठी दुसऱ्याच्या दारी जाऊ नये. गूढलेखनाची आज्ञावली मात्र घरी लिहिण्याचे धाडस करू नये.

आणि संच निवडताना तो कोण सांभाळतो, हेही विचारावे. 'एक्सझेड'चा मूळ सांभाळकर्ता हे काम वर्षानुवर्षे विनामोबदला, फावल्या वेळात करीत होता. मदतीस आलेल्या ज्या माणसाने हळूहळू त्याचा विश्वास संपादन केला, त्याच्याच हातून ते चोरदार आत आले.