दोऱ्याची वाट

जुन्या विहिरीच्या कांठावर उभें राहून पाहिलें असतां दगडावर दोराच्या घर्षणानें पडलेल्या खांचा दिसतात. काळ्या पाषाणासारखा कठीण पदार्थ, आणि त्याला कापणारा अंबाडीचा मऊ दोर! अभ्यासांतील सातत्याचें महत्त्व मुलांच्या मनावर ठसविण्याकरितां हें उदाहरण आम्हां शिक्षकांच्या तोंडीं नेहमीं असतें, व मीहि तें कित्येक वर्षें देत आलों. परंतु मऊ दोर कठीण दगडाला कां कापतो, हा प्रश्न मीं स्वतःला कधींहि विचारला नव्हता. तो विचारण्याची पाळी माझ्यावर एका गोधडीनें आणली.

आष्टीतील एका विद्यार्थ्याची आई घरीं गोधड्या शिवते. जुन्या लुगड्यांचे व साड्यांचे थर एकावर एक अंथरून हातानें धांवदोरा घालण्याची आपल्याकडील रीत वाचकांस ठाऊक आहेच. या बाई तेंच काम पायानें चालविण्याच्या यंत्रावर करतात, आणि त्यावरच घर चालतें. गेल्या वर्षीं हा मुलगा वारंवार गैरहजर राहूं लागला म्हणून मी चौकशीस गेलों, तेव्हां कळलें कीं यंत्रावर दोरा टिकेनासा झाला आहे. दर वीतभर शिवणीला दोरा तुटे. तुटला कीं थांबावयाचें, टोंक उसवावयाचें, पुन्हा ओंवावयाचें. दोन दिवसांची गोधडी आठवडाभर घेऊं लागली, आणि दोरा ओंवून देण्यासाठीं मुलगा घरीं बसूं लागला. दुरुस्ती करणाऱ्या एका कारागिरानें यंत्र म्हातारें झालें, विकून टाका, असा सल्ला दिला होता. गिऱ्हाइकहि ठरलें होतें.

मी शिवणकामांत अगदीं अडाणी. तरीपण दोरा तुटतो तो कोठेंतरी तुटत असला पाहिजे, एवढें तर्कशास्त्र मजजवळ होतें. सुई नवी घातली होती, ताणाच्या चकत्या पुसल्या होत्या. दोऱ्याचा मोठा कोन खालीं पाटावर ठेविलेला असे. त्यावरून दोरा भिंतीवरील खिळ्याला अडकविलेल्या तारेच्या कडीतून यंत्राकडे येई. दोऱ्याला वाट दाखविणाऱ्या अशा कडीला कारागीर ‘गाईड’ म्हणतात. मीं त्या तारेवरून नख फिरविलें, तों नख मध्येंच अडकलें. सुरीनें कापावी तशी खांच तारेंत पडली होती.

“ही तार केव्हां बसविली, ताई?” मीं विचारलें.

“दिवाळीच्या अगोदर, सर. मींच वांकवली. पण दोऱ्यानें तार कशी कापेल?”

हाच तो विहिरीवरचा प्रश्न.

थोडें गणित करूं. सहा फूट लांब व चार फूट रुंद गोधडीवर दर इंचास एक ओळ घातली, तर सुमारें ४८ ओळी होतात. म्हणजे २८८ फूट, किंवा ८८ मीटर शिवण. टांका जाड थरांतून वर-खालीं जात असल्यानें वरचा दोरा शिवणीपेक्षां लांब लागतो. तेव्हां एका गोधडीला शंभर मीटरांहून अधिक दोरा त्या कडीतून गेला. शंभर गोधड्यांना दहा किलोमीटरांहून अधिक. आतां ही गोष्ट ध्यानांत घ्यावी कीं दोऱ्याचा प्रत्येक भाग कडीला एकदांच स्पर्श करून पुढें जातो. कडीचा तो एकच बिंदु मात्र दहा किलोमीटरांचा मार सोसतो. झीज दोघांचीहि होते, परंतु दोऱ्याची वांटली जाते आणि तारेची साठत जाते.

शिवाय दोरा एकटा जात नाहीं. आपल्याकडे उन्हाळ्यांत घरोघर जी धूळ बसते तींत गारगोटीचे सूक्ष्म कण असतात, व ते दोऱ्याला चिकटून येतात. कृत्रिम दोऱ्यांत निराळाच प्रकार आहे. पॉलिएस्टर व नायलॉन यांची झळाळी कमी करण्यासाठीं त्यांत टिटॅनियम डायऑक्साइड नांवाची पांढरी भुकटी मिसळतात, आणि ती लोखंडाहून कठीण असते. १८१२ सालीं फ्रीड्रिक मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें कोणता दगड कोणत्या दगडाला ओरखडतो हें पाहून दहा पायऱ्यांची एक श्रेणी लाविली. तिच्यांत हिरा दहावा, कुरुंद नववा व गारगोटी सातवी. साधें लोखंड चारच्या आसपास येतें, कांच साडेपांचाच्या, आणि तारेवर चढविलेलें जस्त तर अडीचाच्या आसपास! यावरून त्या तारेची अवस्था समजावी. दोरा ही मऊ वस्तु नसून कठीण कणांनीं माखलेली एक लांबच लांब कानस आहे, असें म्हटलें तरी चालेल.

दुसरें कारण कोनाचें. शेतकरी ओढाळ बैलाचा कासरा खुंट्याला दोन वेढे देऊन धरतो, मग मोठा बैलहि लहान मुलाला आवरतो. अठराव्या शतकांतील स्विस गणिती ऑयलर यानें या वेढ्यांचा हिशेब मांडला. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला, तर पाव वेढ्यानें ताण सुमारें १.६ पट होतो, अर्ध्या वेढ्यानें अडीच पटींहून थोडा अधिक, आणि पुऱ्या वेढ्यानें साडेसहा पट. बाईंच्या खोलींत कोन एका बाजूस आणि खिळा दुसऱ्या बाजूस असल्यामुळें दोरा कडीवर जवळजवळ उलटा वळत होता. त्यांत खांच पडली म्हणजे दोरा तिच्या दोन्ही भिंतींमध्यें आवळला जातो आणि खांचेच्या धारेनें त्याचे पीळ सोलले जातात. पुढें सुईशीं तुटणारा दोरा वस्तुतः मागें भिंतीपाशींच अर्धा मेलेला असतो. म्हणून कारागिराला तो दोष यंत्रांत दिसला, याबद्दल मी त्याला फारसा दोष देत नाहीं.

परदेशांत गोधडी शिवण्याचीं खास यंत्रें असतात. त्यांत गोधडी चौकटीवर ताणलेली राहते व लांब हाताचें यंत्रच रुळांवरून तिच्यावर हिंडतें. मिनिटाला दीड हजारांवर टांके पडत असल्यामुळें तेथें कड्यांची झीज फार मोठा विषय होऊन बसतो. आमच्या खोलींत वेग कमी होता, पण रोग तोच.

पहिला उपाय मुलानें सुचविला. विजेच्या जुन्या शेगडीच्या तारेवर चिनी मातीचे मणी असतात; त्यांतला एक सायकलच्या आऱ्यांत ओंवून त्यानें कडीच्या जागीं बसविला. चिनी माती पोलादाहून कठीण. मला तर विजय मिळाल्यासारखें वाटलें. आणि दोरा पूर्वींपेक्षां अधिक तुटूं लागला! मण्याचें भोंक आंतून खरबरीत होतें. कठीणपणा आणि गुळगुळीतपणा हे दोन निराळे गुण आहेत, व कठीण पण खरबरीत कडी ही मऊ कडीहून वाईट, हें आम्ही त्या दिवशीं शिकलों. तेव्हांपासून एक परीक्षा ठरवून ठेविली आहे: कापसाचा सैल पेळू भोंकांतून हळूच ओढावा, एक जरी तंतु मागें राहिला तरी तो मणी टाकून द्यावा. पेळूला आपल्या जिल्ह्यांत तोटा नाहीं.

दुसरा उपाय बाईंनीं स्वतः काढला. त्यांनीं फडताळांतून काचेची एक साधी बांगडी काढून माझ्या हातावर ठेविली. मी त्या बांगडीकडे पाहतच राहिलों. भट्टींत वितळून झालेली, म्हणून आरशासारखी गुळगुळीत. कांठ सगळीकडे गोल, धार कोठेंच नाहीं. काच गारगोटीहून मऊ आहे खरी, म्हणजे कधींतरी तीहि खांचेल. परंतु बांगडी वाटोळी असल्यानें खांच पडण्यापूर्वीं ती थोडी फिरविली कीं दोऱ्याखालीं नवी जागा येते. लांकडी पट्टीला खांचा करून बांगडी आम्ही सुतळीनें अशी बांधिली कीं ती हातानें फिरावी, पण दोऱ्याच्या ओढीनें फिरूं नये. बांगडीचा सांधा मात्र पट्टीकडे ठेवावा, कारण तेथें काच किंचित् उंचसखल असते. आणि सोनेरी वेलबुट्टीची बांगडी कामाची नाहीं. मग पट्टी कोनाच्या नेमकी वर, कोनाच्या उंचीच्या अडीच पट अंतरावर टांगली. असें केल्यानें दोरा कोनावरून सर्व बाजूंनीं सारखा सुटतो व कोनाच्या कडेला घांसत नाहीं.

यंत्रावरील कड्यांना बांगडी चालत नाहीं. ताणाच्या चकत्या आणि सुई यांच्यामधील कडीची स्थिति तर सर्वांत कठीण. तेथें दोरा एकाच दिशेनें जात नसून प्रत्येक टांक्याला पुढें-मागें होतो. दांडा एका वेळीं कांहीं सेंटिमीटर दोरा ओढतो आणि टांक्यांत त्यांतील तीन-चार मिलिमीटरच खपतात. म्हणजे दोऱ्याचा तोच तुकडा अनेक वेळां घांसला जातो. या कडीसाठीं नागपुराहून मासे धरण्याच्या गळकाठीवरील एक लहान चिनी कडें आणविलें. तें याच कामाकरितां घोटलेलें असतें आणि पेळूच्या परीक्षेंत उत्तीर्ण झालें. जुन्या कडीची खांच कानशीनें घालवून तें वर एम-सीलनें बसविलें. विणकराच्या धोट्याला चिनी मातीचा डोळा बसवितात तो याच कारणानें. आणि आमच्या प्रयोगशाळेंतील तराजूची दांडी अकीकाच्या धारेवर तोललेली असते, तिचेंहि कारण हेंच. ज्यांना त्या तराजूला हात लावल्याबद्दल माझी बोलणीं खावीं लागलीं, त्यांनीं हें वाक्य पुन्हा वाचावें.

आमची ही खटपट आपल्या जिल्ह्याला अपरिचित नाहीं. १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व त्याचें कार्य वर्धा येथील मगनवाडींत चालूं लागलें. त्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे ख्रिस्ती गृहस्थ होते, आणि गांवांत मिळणाऱ्या वस्तूंनींच गांवचीं हत्यारें कशीं सुधारावीं हाच त्यांचा ध्यास होता. ३० डिसेंबर १९३८ रोजीं गांधीजींच्या हस्तें उघडलेलें मगन संग्रहालय वर्ध्यास जाऊन अवश्य पाहावें. तेथील साध्या चरख्यावर कडी शोधूं गेल्यास ती सांपडणार नाहीं. सूत काढणाऱ्याचीं बोटें हींच कडी. बोटाला घट्टा पडतो आणि कातडें नवें येतें. तारेला तेवढी सोय देवानें दिली नाहीं. यंत्रांविषयीं गांधीजींचें मत सर्वश्रुत आहे, तरी १९२४ सालीं रामचंद्रन् यांच्याशीं बोलतांना त्यांनीं शिवणयंत्राला अपवाद केला होता, कारण तें घरांतील स्त्रीचे कष्ट वांचवितें. दर वीतभर तुटणारा दोरा ते वांचलेले कष्ट परत मागून घेतो.

यंत्र विकलें गेलें नाहीं. ज्यांच्या घरीं शिवणयंत्र आहे त्यांनीं आज रात्रीं दोरा काढून घेऊन प्रत्येक कडीवरून एकदां नख फिरवून पाहावें. मुलांनीं हें काम आईकडून मागून घ्यावें. सुई अगोदर काढून ठेवावी. आमच्या विद्यार्थ्याकडे आतां बांगडी फिरविण्याचें काम आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस तो ती बोटाच्या पेराएवढी फिरवितो आणि भिंतीवर कोळशानें एक रेघ ओढतो. मागच्या वेळीं मी गेलों तेव्हां अकरा रेघा होत्या, आणि तो शाळेंतून अजून घरीं आला नव्हता.