माती पाणी सोडत का नाही?

मिसिसिपीला पूर आला की जाड वाळू काठाजवळच बसते. बारीक कण मात्र संथ पाण्याबरोबर दूरच्या सखल भागात जाऊन साचतात. तिथली ‘शार्की’ माती अशीच बनली. तिच्यात 60 टक्क्यांहून जास्त चिकणमाती असते, आणि त्यातला एकेक कण 0.002 मिलिमीटरहूनही लहान.

तुम्हाला वाटेल, पाणी मुरायला जागाच नसेल. उलट, पोकळी वाळूपेक्षा जास्तच असते! पण ती इतकी अरुंद की पाणी तिथेच चिकटून राहतं. त्यात स्मेक्टाइट हे खनिज भिजलं की फुगतं, सुकलं की भेगाळतं. आपल्या काळ्या रेगुरातही तेच आहे. कोरड्यानंतरचा पहिला पाऊस भेगांतून धो धो आत जातो. भेगा मिटल्या की दार बंद.

पाणी तुंबलं की हवा संपते. मग जिवाणू ऑक्सिजनऐवजी लोह वापरतात, ते विरघळतं आणि माती राखाडी होते. मुळांच्या वाटेने हवा पोचते तिथे गंजाचे ठिपके उठतात. पूरमैदानात घर बघताय? खड्डा खणून हे ठिपके शोधा, जमीन आज कोरडी दिसली तरी.

शेतकऱ्याची अडचण वाफशाची. ओल्यात ट्रॅक्टर रुततो, सुकल्यावर ढेकूळ दगडासारखं. मधले दिवस मोजकेच. भात तेवढा इथे खूश, कारण बांधातलं पाणी खाली झिरपत नाही.