प्रगतिपुस्तकात प्रगती दिसावी

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्यांतून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा चालतात. पट थोडा, शिक्षक एक किंवा दोन. साहजिकच एकाच खोलीत अनेक इयत्ता बसतात. अशा शाळेत मुलाची प्रगती जोखावी कशी?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारले. वार्षिक परीक्षेच्या धास्तीऐवजी तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि निरीक्षण यांतून मूल ओळखावे, हा त्यामागील हेतू निःसंशय स्तुत्य होता. तथापि अनेक ठिकाणी निरीक्षण मागे पडले आणि नोंदीच वाढल्या. श्रेणींचे रकाने भरले. पण दुसरीतील मूल जोडाक्षरापाशी का अडते, हे त्यांतून उमगेना. पुढे २०१९ साली केंद्राने कायद्यात दुरुस्ती केली आणि २०२३ साली राज्याने पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा आणि अनुत्तीर्णांसाठी पुनर्परीक्षा लागू केली. परंतु दुसरीत राहून गेलेले वाचन पाचवीची परीक्षा फार तर उघडकीस आणील. भरून काढणार नाही.

खरे मूल्यमापन साधे असते. मुलास जवळ बसवून अपरिचित उतारा वाचावयास द्यावा, हातच्याची वजाबाकी ते कशी करते हे त्याच्याच तोंडून ऐकावे आणि त्यावरून उद्याचा पाठ ठरवावा. साठ मुलांच्या वर्गात हे दुष्कर. पंधरा मुलांच्या शाळेत शक्य आहे. जी अल्प पटसंख्या उणीव मानली जाते, तीच येथे बळ ठरू शकते. मात्र घरी कातकरी बोलणाऱ्या मुलाने अर्थ जाणून आपल्या बोलीत उत्तर दिले, तर ती चूक मानू नये. बोली निराळी असणे म्हणजे समज कमी असणे नव्हे.

पावसाळा सरताच अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीच्या वा कोळशाच्या कामासाठी गाव सोडतात. त्यांच्या मुलाची 'ब' श्रेणी नव्या गावच्या शिक्षकास काहीच सांगत नाही. 'साधे शब्द वाचते, जोडाक्षरे अडतात' ही एक ओळ पुष्कळ सांगते. अशी ओळ मुलाबरोबर गेली, तर त्याचे शिक्षण पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू होणार नाही.

म्हणून शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी दप्तर न मागता दोन मुलांचे वाचन ऐकावे. शिक्षकाच्या कामाची खरी नोंद तेथेच सापडेल.